उधारीची वही आणि मतपेटी

मागच्या एप्रिलमध्ये मुलीकडे डनेडिनला पोहोचलो तेव्हा माझी बॅग माझ्याबरोबर पोहोचली नव्हती. विमान कंपनीने ती वाटेतल्या कुठल्याशा विमानतळावर विसरली होती. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला एप्रिल म्हणजे हिवाळ्याची चाहूल, त्यामुळे अंगावरच्या पातळ सदऱ्यावर चार दिवस काढणे शक्य नव्हते. "बाबा, तोवर एक पँट आणि एक जाड कोट घेऊन टाकू," असे म्हणून जावयांनी मला पुरुषांच्या तयार कपड्यांच्या एका दुकानात नेले. कापडवाल्याचा मुलगा दुकानात शिरण्याआधी पाटी वाचल्याशिवाय राहत नाही. पाटीवर हॅलनस्टाइन हे नाव होते. स्कॉटलंडहून आलेल्या प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८४८ मध्ये वसवलेल्या आणि एडिनबरोच्या जुन्या गेलिक नावावरून नाव घेतलेल्या शहरात हे स्वच्छ जर्मन नाव कुठून आले, हा प्रश्न पँटचे माप देतानाही माझ्या डोक्यातून जाईना.

पुढचे आठ-दहा दिवस मी त्या नावाच्या मागे लागलो. मुलीला वाटले, बाबांना वेळ घालवायला काहीतरी मिळाले आहे. ते खरेच होते, पण त्यामागे आमच्या घरातली एक जुनी गोष्टही होती. आमचे अण्णा राजापूरहून घाट चढून कऱ्हाडला आले, दुसऱ्याच्या दुकानात ठाणे उलगडण्या-गुंडाळण्याचे काम करत शिकले आणि मग त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. पहिली दहा वर्षे पेठेत त्यांना 'कोकणातले' एवढेच नाव होते. पंचवीस वर्षांनी त्याच पेठेतली चार वजनदार माणसे घरी येऊन, नगरपालिकेला उभे राहा, असा आग्रह करू लागली. अण्णांनी चहा पाजून त्यांना परत पाठवले आणि मग आईला म्हणाले, "ज्याच्या वहीत अर्ध्या पेठेची उधारी आहे, त्याने त्याच पेठेकडे मत मागायला जाऊ नये." ज्याचे नाव त्या पाटीवर होते त्या बेंडिक्स हॅलनस्टाइन या माणसाने नेमके हेच केले होते, उधारीही दिली आणि मतेही मागितली, आणि दोन्हीकडे त्याचे बरे चालले. म्हणून मला त्याच्याविषयी कुतूहल वाटले.

त्याचा जन्म १८३५ मध्ये ब्रन्सविकच्या डचीत, म्हणजे एका जर्मन ड्यूकच्या राज्यात, ज्यू कुटुंबात झाला. जर्मनी नावाचा एकसंध देश तेव्हा नव्हता. लहानमोठी राज्ये होती आणि त्यांतल्या बहुतेकांत ज्यूंना नागरिकत्वाचे हक्क अर्धवटच होते. कुठे धंद्यावर बंधन, कुठे सरकारी पदांवर. अशा घरातली हुशार मुले बाहेर पडत आणि बहुधा मामा-काकांच्या ओळखीने पडत. हॅलनस्टाइनही पोरवयात मँचेस्टरला आईच्या माहेरच्या, म्हणजे मिखाएलिस घराण्याच्या नात्यागोत्यात जाऊन व्यापार शिकला. मँचेस्टर ही त्या काळातली कापडाची राजधानी, आणि आपल्याकडचा कापूसही तिथल्या गिरण्यांत जात असे. तिथून १८५७ मध्ये तो भावांबरोबर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीत गेला. सोन्याच्या खाणींच्या भागात त्यांनी दुकान मांडले. मेलबर्नमध्ये याच गोतावळ्याने मिखाएलिस-हॅलनस्टाइन या नावाने चामडे कमावण्याचा मोठा धंदा उभा केला. मधेच इंग्लंडला जाऊन १८६१ मध्ये लिंकनशरमधल्या आल्फर्ड गावी त्याने मेरी माउंटन या इंग्रज ख्रिस्ती बाईशी लग्न केले. ज्यू तरुणाने धर्माबाहेर लग्न करणे त्या काळी दोन्ही बाजूंना न रुचणारी गोष्ट होती. मात्र हे लग्न अखेरपर्यंत टिकले.

१८६१ च्या मे महिन्यात गेब्रिएल रीडला डनेडिनच्याच ओटागो प्रांतात सोने सापडले आणि व्हिक्टोरियातली माणसे टास्मान समुद्र ओलांडून इकडे धावू लागली. पुढच्या वर्षी आतल्या डोंगराळ भागात, ॲरो आणि शॉटओव्हर या नद्यांच्या पात्रांत सोने असल्याचे कळले. ॲरो नदीतल्या सोन्याचा पहिला माग जॅक टेवा या मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी असलेल्या, माणसाला लागला होता, असे तिथे आजही सांगतात. वाकाटिपू सरोवराच्या काठी विल्यम रीस नावाच्या मेंढपाळ जमीनदाराचे एकच घर होते. काही महिन्यांत त्याच्या भोवती तंबूंचे गाव उठले. तेच क्वीन्सटाउन, माओरी भाषेत ताहुना. हॅलनस्टाइन १८६३ मध्ये दक्षिण टोकाच्या इन्व्हरकार्गिलला उतरला आणि तिथून लवकरच या तंबूंच्या गावात आला.

सोन्याच्या गावात दुकान चालवणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी मी त्या सरोवराकाठी बराच वेळ बसलो. आज तिथे स्कीचे सामान भाड्याने देणारी दुकाने आणि आपल्याकडच्या नवविवाहितांचे फोटो दिसतात. त्या वेळी गाडीरस्ता दक्षिणेकडून सरोवराच्या दुसऱ्या टोकाला, किंग्स्टनला संपत असे आणि तिथून माल बोटीने आणावा लागे. आगगाडी किंग्स्टनपर्यंत पोहोचली ती १८७८ मध्ये. पिठाचे पोते असो, खिळे असोत की लोकरी बंडी, प्रत्येक वस्तूच्या किमतीत तो सगळा रस्ता भरलेला असायचा. गिऱ्हाईक कसे? आज हातात सोन्याची पुडी, उद्या काही नाही, परवा दुसऱ्या खोऱ्यात सोने निघाल्याची अफवा ऐकून रात्रीतून पसार. अशा ठिकाणी दुकानदार म्हणजे सावकारही, पोस्टही आणि सल्लागारही. सोने तोलून घ्यायचे, हंगामभर उधारी चालवायची आणि कोण बुडवणार हे चेहऱ्यावरून ओळखायचे. अण्णा म्हणत, कापड मोजायला गज लागतो, गिऱ्हाईक मोजायला वर्षे लागतात. इथे ती वर्षेही मिळत नव्हती.

हॅलनस्टाइनने जे. डब्ल्यू. रॉबर्टसन यांच्याशी भागीदारी केली. हे रॉबर्टसन म्हणजे क्वीन्सटाउनचे पहिले नगराध्यक्ष. दोघांनी नुसता माल आणून विकण्यावर थांबायचे नाही असे ठरवले. आसपासच्या सपाटीवर गहू पिकत होता, म्हणून त्यांनी पिठाची गिरणी काढली आणि तिला नाव दिले ब्रन्सविक. मला या नावाशी थोडे थांबावेसे वाटते. दुकानाला स्वतःचे नाव देणारा माणूस गिरणीला सोडून आलेल्या मुलुखाचे नाव देतो, ज्या मुलुखाने त्याला पुरते आपले मानले नव्हते. अण्णांच्या दुकानाच्या पाटीवर शेवटपर्यंत 'राजापूरकर' होते आणि राजापूरला ते वर्षातून एकदाही जात नसत.

१८६९ मध्ये रॉबर्टसननंतर हॅलनस्टाइन नगराध्यक्ष झाला आणि १८७२ पर्यंत त्या पदावर राहिला. गावात येऊन सहा-सात वर्षे झाली होती. अर्थात गावालाच तेवढी वर्षे झाली होती, आणि माझ्या मते सगळी मेख इथे आहे. मँचेस्टरमध्ये किंवा ब्रन्सविकमध्ये त्याच्यापुढे चार पिढ्यांची मानाची घराणी उभी असती. क्वीन्सटाउनमध्ये सगळेच नवे. ज्याचे दुकान टिकले आणि ज्याने रस्त्यासाठी, धक्क्यासाठी प्रांताकडे तगादा लावला, तो गावाचा मोठा माणूस. वसाहतीच्या समाजाला या माणसाची गरज होती. त्याचे उच्चार जर्मन आहेत आणि तो शनिवार पाळणाऱ्यांच्या वंशातला आहे, याकडे कानाडोळा करणे समाजाला परवडत होते. १८७२ मध्ये तो ओटागो प्रांतिक परिषदेचा सदस्य झाला आणि त्याच वर्षी वाकाटिपूमधून वेलिंग्टनच्या संसदेतही गेला. लंडनच्या संसदेत धर्म न सोडलेल्या ज्यू सदस्याला पहिल्यांदा बसता आले ते १८५८ मध्ये, आणि तेही लायनेल रॉथशिल्ड अनेकदा निवडून येऊनही वर्षानुवर्षे ताटकळल्यानंतर. वेलिंग्टनला मात्र तेव्हा ज्युलियस फोगेल हा दुसरा ज्यू माणूस साऱ्या देशाचा खजिना हलवत होता. कर्ज काढून रेल्वे, रस्ते आणि नवे वसाहतवाले आणण्याची त्याची योजना जोरात होती आणि १८७३ मध्ये तो पंतप्रधानही झाला.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे येतो. न्यूझीलंडमध्ये संसदेची निवडणूक १८७० पर्यंत उघड मतदानाने होत असे. मतदाराने अधिकाऱ्यासमोर उमेदवाराचे नाव बोलून सांगायचे आणि आजूबाजूला उमेदवाराची माणसे उभी. खाणीवरच्या माणसांनाही काही अटींवर मत होते. अशा मांडवात दुकानदार उमेदवार असेल तर उधारीवर जगणारा माणूस दुसऱ्याचे नाव मोठ्याने कसे घेणार? १८७० च्या कायद्याने गुप्त मतदान आले आणि हॅलनस्टाइन संसदेला उभा राहिला तो त्यानंतर. त्याची वही आणि त्याची मतपेटी यांच्यामध्ये निदान एक पडदा आला होता. अण्णांच्या वेळी आपल्याकडेही तो पडदा होताच, हे त्यांना मी एकदा सांगितले असते तर ते हसले असते. पडद्याआड कोण काय करतो हे पेठेतल्या दुकानदाराला कळत नाही, असे त्यांना कधीच वाटले नसते.

या कायद्याची दुसरी बाजू कळली तेव्हा मात्र मी चपापलो. माओरींच्या राखीव मतदारसंघांना गुप्त मतदान लागू केलेच नाही. तिथे उघड मतदानाची पद्धत १९३८ च्या निवडणुकीपर्यंत राहिली. ज्यांची जमीन होती त्यांनी अधिकाऱ्यासमोर नाव उच्चारायचे, आणि ज्यांनी ती जमीन वाटून घेतली त्यांच्यासाठी पडदा. ती जमीन तरी कशी घेतली? सरकारच्या वतीने केम्प यांनी केलेल्या १८४८ च्या एका करारात दक्षिण बेटाचा फार मोठा भाग ङाई ताहू या माओरी जमातीकडून २००० पौंडांना घेतला गेला आणि त्यांच्यासाठी राखून ठेवण्याचे कबूल केलेले पुरते कधी राखलेच नाही. सगळेच नवे असे मी वर लिहिले, ते असे अपुरे आहे. नवे होते ते आलेले लोक.

संसदेत हॅलनस्टाइन फार रमला नाही. १८७३ मध्ये त्याने राजीनामा दिला. राजकारणातल्या या माघारीवर मी शब्द खर्च करणार नाही, कारण त्या वर्षी त्याने जे दुसरे काम केले त्यात त्याचा खरा जीव दिसतो. क्वीन्सटाउनच्या दुकानात पुरुषांचे तयार कपडे वेळेवर आणि धड मापाचे मिळत नाहीत ही त्याची जुनी अडचण होती. इंग्लंडहून कपडे समुद्रावरून महिनोन्‌महिने प्रवास करून येत आणि आले की बाह्या तोकड्या किंवा कापड चुकीचे. त्याने १८७३ मध्ये डनेडिनमध्ये न्यूझीलंड क्लोदिंग फॅक्टरी सुरू केली. असा तयार कपड्यांचा कारखाना त्या देशात तोवर नव्हता. कारखाना चालू झाला की माल साठतो, माल साठला की घाऊक व्यापाऱ्याच्या मर्जीवर राहावे लागते, हे कुठल्याही कापडवाल्याला सांगावे लागत नाही. त्याने घाऊक व्यापाऱ्याला वगळून गावोगाव स्वतःची किरकोळ विक्रीची दुकाने काढली. आज ज्याला साखळी दुकाने म्हणतात, ती ही. गिऱ्हाईकही बदलले होते. खाणी ओसरत होत्या आणि शेतावर, गोदीत, कचेरीत काम करणारा नोकरदार माणूस वाढत होता, ज्याला शिंप्याकडे चार खेपा घालण्याची सवड नव्हती आणि पैसेही नव्हते.

डनेडिनच्या डाउलिंग स्ट्रीटवर त्या कारखान्याची १८८३ मधली इमारत अजून उभी आहे. मी तिच्यासमोर उभा राहून खिडक्या पाहिल्या, कारण शिवणकामाच्या कारखान्यात उजेड हाच पहिला कारागीर असतो. या इमारतीनंतर पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, त्याच शहरात रदरफर्ड वॉडेल नावाच्या धर्मोपदेशकाने स्वस्ताईच्या पापावर प्रवचन दिले. दुकानात कपडा स्वस्त मिळतो तो कोणाच्या तरी बायकांनी रात्र-रात्र जागून कवडीमोलाने शिवल्यामुळे, असा त्याचा मुद्दा. पुढच्या जानेवारीत ओटागो डेली टाइम्सने या बायकांच्या हकिगती छापल्या, जुलै १८८९ मध्ये शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांची संघटना स्थापन झाली आणि १८९० मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला. सर्वांत जास्त पिळवणूक कारखान्याच्या छपराखाली नव्हती. घरी तुकड्यावर काम नेणाऱ्या बायकांची होती. पण कपडे स्वस्त करणे हेच ज्याच्या धंद्याचे ब्रीद होते, त्याच्या कानावर ते प्रवचन कसे पडले असेल, याचा विचार मी त्या फुटपाथवर केला. आमच्या दुकानातही एक विधवा बाई परकर-पोलकी शिवून आणून देई. नगाला किती द्यायचे यावर अण्णा आणि ती बाई दर दिवाळीला घासाघीस करत, आणि प्रत्येक वेळी जिंकायचे अण्णाच.

१८८४ मध्ये हॅलनस्टाइनने आणखी एक धाडस केले, ड्रेपरी अँड जनरल इम्पोर्टिंग कंपनी, लोकांच्या तोंडी डी.आय.सी. कल्पना अशी की गिऱ्हाईकांनीच शेअर घ्यावेत आणि नफ्यात वाटेकरी व्हावे. सहकाराच्या गावात वाढलेल्या मला ती ओळखीची वाटली, जरी आपल्याकडे सहकाराचा कायदा आला तो १९०४ मध्ये. ऑक्टॅगॉन चौकातली डी.आय.सी.ची इमारत आता शहराचे कलादालन आहे. मुलीबरोबर तिथे चित्रे पाहायला गेलो तेव्हा माझे लक्ष चित्रांपेक्षा मजल्यांच्या उंचीकडेच जास्त गेले.

हे सगळे होत असताना जर्मनीशी दोर तुटला नव्हता. त्याला चार मुली झाल्या, मुलगा नाही. धंदा पुढे कोण नेणार हा प्रश्न त्याने आपल्याकडच्या एखाद्या मामासारखा सोडवला. बहिणीचा मुलगा विली फेल्स याला मुलगी साराचा हात दिला. मामाची मुलगी करणे ही आपल्या ओळखीची रीत डनेडिनमध्ये, जर्मन ज्यू घरात भेटेल असे मला वाटले नव्हते. फेल्स १८८८ मध्ये डनेडिनला आला, दुकाने सांभाळू लागला आणि दुसऱ्या हाताने संग्रह करत सुटला. ओटागो संग्रहालयातला मोठा भाग त्याच्या देणग्यांनी भरला आहे. दुसरी मुलगी एमिली हिचा मुलगा एस्मंड डे बीर पुढे लंडनला इतिहासकार झाला. साराचा नातू चार्ल्स ब्राश कवी झाला आणि १९४७ मध्ये त्याने 'लँडफॉल' हे वाङ्मयीन नियतकालिक काढले. एका पिढीने पँटी विकल्या आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीने कविता छापल्या. आमच्याकडे अण्णांनंतर दुकान बंद पडले आणि मी अकाउंटंट झालो, त्यामुळे यावर फार टिप्पणी करण्याचा मला अधिकार नाही. हॅलनस्टाइन १९०५ मध्ये डनेडिनलाच वारला.

या माणसाची कथा वाचताना मला आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू आठवत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले, ते मराठी बोलू लागले, आडनावात गाव घेऊन राजपूरकर, किहीमकर, पेणकर झाले, आणि १९३७ मध्ये त्यांच्यातले डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. त्यांना शतके लागली, हॅलनस्टाइनला सहा वर्षे. पण कोकणात कुणाची जमीन काढून घेतली नव्हती आणि कुणाला नाकारून त्यांना घेतले नव्हते. हा फरक मोठा आहे, आणि तो मला ॲरोटाउनला गेल्यावर नीट दिसला.

क्वीन्सटाउनपासून अर्ध्या तासावर ॲरोटाउन आहे. एप्रिलमध्ये तिथली झाडे पिवळी धमक होतात आणि माणसे तीच पाहायला येतात. गावाच्या कडेला, नदीच्या बाजूला, चिनी खाणकामगारांची वस्ती होती. हे लोक बळजबरीने घुसलेले नव्हते. गोऱ्या खाणकामगारांनी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वेस्ट कोस्ट भागातल्या नव्या सोन्याकडे धाव घेतल्यावर डनेडिनच्या व्यापारी मंडळींनीच १८६५ मध्ये व्हिक्टोरियातल्या चिन्यांना बोलावले आणि १८६६ मध्ये पहिली तुकडी आली. म्हणजे हॅलनस्टाइन आला त्याच व्हिक्टोरियातून, त्याच समुद्रावरून, त्याच सोन्यासाठी, फक्त तीन वर्षांनी. इंग्रजी त्याचीही मातृभाषा नव्हती आणि तोही ख्रिस्ती नव्हता. १८८१ मध्ये चिनी माणसावर डोईपट्टी बसली, आल्याबद्दल १० पौंड. १८९६ मध्ये ती १०० पौंड झाली. १९०८ पासून चिन्यांना नागरिकत्व देणे थांबले ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. डोईपट्टीबद्दल पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी २००२ मध्ये माफी मागितली. परका कोण हे भाषा ठरवत नाही, धर्मही पुरता ठरवत नाही, याला यापेक्षा सरळ हिशेब मला सापडला नाही. जर्मन ज्यूला कातडीच्या रंगाने जे उसने मिळाले, त्याचे व्याज त्याला कधी भरावे लागले नाही.

वस्तीत आह लम याचे दगडी दुकान दुरुस्त करून ठेवले आहे. ते १८८३ मधले आहे, म्हणजे डाउलिंग स्ट्रीटवरच्या त्या कारखान्याच्याच वर्षाचे. दार इतके ठेंगणे की मला वाकून आत जावे लागले. आह लमही माल विकायचा, पैसे सांभाळायचा, उधारी द्यायचा आणि चिन्यांची कागदपत्रे इंग्रजीतून समजावून द्यायचा. थोडक्यात, पूर्वी हॅलनस्टाइन सरोवराकाठी जे करत होता तेच. त्याला कुणी नगराध्यक्ष केले नाही. आत अंधार होता आणि पेटाऱ्यासारखा गारवा. मुलगी बाहेर पानांचे फोटो काढत होती. मी अंगावरच्या नव्या कोटाची बटणे लावली आणि सवयीने गल्ला कुठे असेल ते पाहू लागलो. दाराकडे तोंड करून, आत येणाऱ्याचा चेहरा उजेडात आणि आपला अंधारात राहील अशी एकच जागा होती. अण्णा तिथेच बसले असते.